पावसाळ्यात फुगणारं लाकूड आणि तुमचं पहिलं टेबल

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: घरी टेबल बनवायचंय, सागवान घेऊ की प्लाय? त्याचं उत्तर देण्याआधी लाकडाचा एक स्वभाव समजून घेऊ, कारण तो माहीत नसेल तर महागातली फळी सहा महिन्यांत तडकू शकते. ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी हा भाग इथे लेखी देतोय.

पावसाळ्यात दार घासतं, ड्रॉवर अडकतो आणि दिवाळीनंतर सगळं आपोआप सुटतं, हे आपण सगळ्यांनी घरी पाहिलंय. लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि परत सोडतं. झाड कापून कितीही वर्षं झाली तरी हे थांबत नाही. हवेत 40 टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण 7 ते 8 टक्के ओलावा राहतो. तीच आर्द्रता 80-85 टक्क्यांवर गेली आणि तशीच राहिली, तर ओलावा 15 ते 17 टक्क्यांपर्यंत जातो. ओलावा वाढला की लाकूड फुगतं, कमी झाला की आकसतं.

फुगतं, पण रुंदीत

आता मुख्य मुद्दा. लाकूड सगळ्या दिशांना सारखं फुगत नाही. फळीवर ज्या रेषा दिसतात ना, त्यांच्या दिशेने, म्हणजे लांबीत, बदल इतका कमी असतो की टेबल बनवताना विसरलात तरी चालेल. खरा खेळ रेषांना आडव्या दिशेत, म्हणजे रुंदीत होतो.

फळी विकत घेताना तिचं टोक बघा. तिथे झाडाची वलयं दिसतात. वलयं फळीच्या रुंद बाजूला साधारण समांतर असतील तर ती फळी जास्त हलते. वलयं उभी असतील तर सागवानात हा बदल जवळपास निम्म्यावर येतो. वखारीत फळ्या निवडताना एवढं बघितलं तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

थोडा हिशोब करू. समांतर वलयांच्या सागवानी फळीत दर 100 मिमी रुंदीमागे, ओलावा 1 टक्क्याने बदलला की साधारण 0.19 मिमी फरक पडतो. तुमचं टेबल 600 मिमी रुंद आहे आणि मे ते ऑगस्ट ओलावा 6 टक्क्यांनी वाढला, असं धरू. 6 गुणिले 6 गुणिले 0.19, म्हणजे जवळजवळ 7 मिमी! पॉलिशमुळे हा वेग कमी होतो, हालचाल बंद होत नाही. आणि हो, पॉलिश टॉपच्या खालच्या बाजूलाही लावा. फक्त वरून लावलं तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओलावा घेतात आणि फळी वाकते.

तडा नेमका का जातो?

टॉपच्या फळ्या एकमेकींना कडेने चिकटवणं सुरक्षित आहे, कारण सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेला असतात. सगळ्या मिळून हलतात. गडबड होते ती खाली आडवी पट्टी ग्लू आणि स्क्रूने पक्की ठोकली की. पट्टीची लांबी बदलत नाही, टॉपची रुंदी मात्र बदलते. पावसाळ्यात जोडलेलं टेबल उन्हाळ्यात आकसायला बघतं, पट्टी त्याला सोडत नाही, आणि शेवटी लाकूडच फाटतं.

उपाय सोपा आहे. खालच्या चौकटीला टॉप ग्लूने चिकटवू नका. मधला स्क्रू घट्ट बसवा. बाजूच्या स्क्रूंसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच करा, तीही टॉपच्या रुंदीच्या दिशेने, आणि वॉशर घालून स्क्रू बेताचाच कसा. टॉपला सरकायला जागा मिळाली की काम झालं. जुन्या पॅनेलच्या दारांत हीच युक्ती आहे: मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवलेली असते, चिकटवलेली नसते.

कॅलेंडर बघून माप घ्या

ड्रॉवरची पुढची फळी 150 मिमी उंच असेल आणि तिच्या रेषा आडव्या असतील, तर ती उंचीत दीड-पावणेदोन मिमी वाढू शकते. म्हणून मे महिन्यात बनवताना वर 2 मिमी मोकळे सोडा. ऑगस्टमध्ये बनवत असाल तर कमी फट चालते, तेव्हा फळी आधीच फुगलेली असते. याच कारणासाठी जुलैमध्ये अडकलेलं दार लगेच रंध्याने तासू नका. जानेवारीत तिथे फट दिसेल. अगदीच अडलं तर जिथे घासतंय तिथेच थोडं तासा आणि उघडी पडलेली कड पॉलिशने बंद करा.

नवीन फळ्या आणल्या की दोन-तीन आठवडे त्याच खोलीत ठेवा. एकावर एक रचताना मध्ये छोट्या पट्ट्या घाला, म्हणजे सगळीकडून हवा लागेल. मगच कापायला घ्या.

मग सागवान की प्लाय?

प्लायमध्ये पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. प्रत्येक थर शेजारच्याला धरून ठेवतो, त्यामुळे प्लाय रुंदीत फारच कमी हलतं. शेल्फ, कपाट, रुंद टॉप यांसाठी पहिल्या प्रोजेक्टला प्लाय बरं. साध्या खोलीसाठी आयएस 303 चा शिक्का बघा, सिंकखालच्या किंवा सतत ओल्या जागेसाठी आयएस 710. सागवानी पाय आणि प्लायचा टॉप हे कॉम्बिनेशनही छान जमतं.

पूर्ण सागवानाचंच टेबल हवं असेल तर जरूर बनवा. फक्त पहिला स्क्रू मारण्याआधी स्वतःला विचारा: ही फळी कुठल्या दिशेने फुगणार, आणि तिला तिथे जागा आहे का?

पुढच्या भागात करवत आणि पटाशीला धार कशी लावायची ते बघू. तोवर घरातल्या एखाद्या ड्रॉवरची फट आज मोजून लिहून ठेवा, आणि पावसाळ्यात पुन्हा मोजा. आकडे आम्हाला नक्की कळवा!