विश्लेषण : बाळ मांडीवर की सीटवर? वाढत्या मुलासाठी कार सीट कशी निवडायची?

पनवेलहून सुट्टीला निघालेली गाडी कळंबोलीला द्रुतगती मार्गावर चढते किंवा पळस्पे फाट्यावरून कोकणाकडे वळते, तेव्हा चालकाचा सीटबेल्ट लावलेला असतो. सर्वात लहान प्रवासी मात्र बहुधा आईच्या किंवा आजीच्या मांडीवर असतो. कार सीट घेतलेली असली तरी ती अनेकदा केवळ वय सांगून घेतलेली असते. खरी निवड मुलाचे वजन आणि उंची पाहून करावी लागते.

मांडी सुरक्षित का नाही?

ताशी ५० किमी वेगातली गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचे बाळ धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. एवढा जोर कुणाच्याच हातात नसतो. द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारची वेगमर्यादा ताशी १०० किमी आहे आणि वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. आई आणि बाळ दोघांभोवती एकच बेल्ट लावणे तर आणखी घातक. धडकेत आईचा सगळा भार बाळावर येतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ मधील कलम १९४ ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केले नसेल, तर एक हजार रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाल्यानंतर मागच्या सीटवरील बेल्टची चर्चा खूप झाली. मुलांच्या सीटची तेवढी झाली नाही. शिवाय कोणत्या मुलाला कोणती सीट, हे या कलमात नाही. ते पालकांनाच ठरवावे लागते.

कोणत्या टप्प्यावर कोणती सीट?

तान्ह्या बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवतात. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान नाजूक असते. समोरून धडक बसली की पुढे तोंड असलेल्या बाळाचे डोके झटक्यात पुढे फेकले जाते. उलट बसलेल्या बाळाची पाठ, मान आणि डोके एकत्र सीटमध्ये दाबले जातात. युरोपच्या आर-१२९ नियमात किमान १५ महिने असेच बसवणे सक्तीचे आहे. पण ही किमान मर्यादा आहे. वाढदिवस झाला म्हणून सीट फिरवण्याची घाई नको. सीटवर लिहिलेली वजन-उंचीची मर्यादा गाठेपर्यंत थांबणे चांगले. पाय दुमडले जातात, ही तक्रार घरचे करतात, मुले क्वचितच. चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या सीटवर, ही सीट कधीही लावू नये.

त्यानंतर पुढे तोंड असलेली, पाच पट्ट्यांची सीट. तीही लहान पडली की बूस्टर. बूस्टर मुलाला उंच करतो, त्यामुळे गाडीचा बेल्ट गळ्यावर न येता खांद्यावरून आणि पोटावर न येता कमरेच्या हाडावरून जातो. साधारण १४५ सेंमी उंचीपर्यंत तो लागतो. पाचवीतले मूल त्यावर बसायला कुरकुर करणार, हे गृहीत धरावे.

बसवताना काय तपासावे?

दुकानात ‘एआयएस-०७२’ किंवा युरोपीय प्रमाणपत्राचा शिक्का पाहावा. गाडीत आयसोफिक्सचे हुक आहेत का, आणि असल्यास कोणत्या सीटवर, हे आधी बघावे. सात आसनी गाडीत तिसऱ्या रांगेत ते अनेकदा नसतात. सीट बसवल्यावर पायथ्याशी धरून हलवावी. अडीच सेंमीपेक्षा जास्त हलली तर ती सैल आहे. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळावर पट्टे आवळू नयेत. आधी पट्टे, मग वरून दुपटे. नात्यातून आलेली जुनी सीट अपघातातून गेलेली नाही, याची खात्री नसेल तर ती वापरू नये. आणि उन्हात उभ्या गाडीत बाळाला बसवण्याआधी पट्ट्याच्या बकलला हात लावून पाहावा, तो चटका देण्याइतका तापलेला असतो.