दरड येण्यापूर्वीं

"दुरून डोंगर साजरे" ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. पण ती दुरून पाहणाराची म्हण आहे. ज्याचें घर डोंगराच्या पायथ्याशीं आहे, त्याला डोंगराचा स्वभाव जवळून जाणून घ्यावा लागतो. लोणावळ्याजवळचें औंढे, त्याच मावळांतील देवले, पाटण, भाजे हीं खेडीं आणि लोहगड-विसापूर हे किल्ले पावसाळ्यांत डोळ्यांचें पारणें फेडतात. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरी १५० इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक चार महिन्यांतच. भातखाचरें त्यानेंच भरतात, धबधबे त्यानेंच वाहतात, आणि दरडीही त्यानेंच कोसळतात.

हा धोका काल्पनिक नाहीं. १९८९ च्या जुलै महिन्यांत याच मावळांतील भाजे येथें दरड कोसळून तिसांहून अधिक माणसें दगावलीं. ३० जुलै २०१४ रोजीं पहांटे आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव चिखलाखालीं गेलें व १५१ जीव गेले. तेथें सकाळीं आलेल्या एस. टी. गाडीच्या चालकास गांवच दिसेना, तेव्हां ही वार्ता बाहेर कळली. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें ८० हून अधिक माणसें गेलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हातीं लागले, ५७ माणसांचा शोध लागला नाहीं. या चारही घटना जुलै महिन्याच्या आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

मग सर्वत्र पाऊस तोच असतां एखादाच उतार कां ढासळतो? सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा बनलेला आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्वालामुखींतून वाहिलेला रस थिजून हे थर झाले. कांहीं थर कठीण, कांहीं ठिसूळ; मधून मधून तांबड्या मातीचाही पातळ पट्टा आढळतो. वरचा खडक ऊनपावसानें कुजून त्याचा मुरूम व माती होते, आणि ही माती तिरप्या कातळावर नुसती टेकून राहते. पाणी मुरलें कीं तिचें वजन वाढतें. त्याच वेळीं कणांच्या फटींत शिरलेलें पाणी त्या कणांना एकमेकांपासून दूर लोटूं लागतें. खालचा कातळ पाणी सहसा आंत घेत नाहीं, त्यामुळें तें माती व कातळ यांच्या सांध्यावर सांचतें. भार वाढला आणि पकड सुटली, मग तिरप्या धरलेल्या ओल्या ताटांतून भिजलेलें पीठ घसरावें तसा उतार खालीं येतो. म्हणून एका दिवसाच्या सरीपेक्षां चार दिवसांच्या झडीवर कोसळलेला मुसळधार पाऊस अधिक घातक होय. त्यांत रस्त्यासाठीं किंवा बंगल्यासाठीं डोंगराचा पायथा तोडलेला असला, अथवा पाण्याचा जुना ओहोळ बुजविलेला असला, म्हणजे मनुष्यानें आपल्या हातानें भिंतीचा आधार काढून घेतल्यासारखें होतें.

डोंगर पुष्कळदां आधीं सूचना देतो. उतारावर नव्या भेगा पडतात. झाडें व खांब कलतात. पूर्वीं नव्हते तेथें झरे फुटतात. घराचीं दारें एकाएकीं घट्ट बसतात. ओढ्याचें पाणी अकस्मात् गढूळ होणें हें वाईट लक्षण. परंतु पाऊस चालू असतांना ओढा एकाएकीं आटणें हें त्याहूनही वाईट, कारण वर कोठें तरी मातीनें पाणी अडविलेलें असतें. लहान दगड घरंगळूं लागले किंवा घुमणारा आवाज आला, म्हणजे विचार करण्याची वेळ संपली असें समजावें.

थंड देशांतील एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावर चालणाऱ्या फटफटीवर बसून डोंगर चढण्याचा छंद आहे. तेथें उतारावरील बर्फाचा थर सुटून हिमलोट येतो, आणि कित्येकदां तो स्वाराच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भारानें सुटतो. म्हणून या स्वारांना रीतसर शिक्षण देतात. त्या दिवसाचा इशारा वाचल्यावांचून निघूं नये. धोक्याचा उतार एकेकानेंच ओलांडावा, इतरांनीं सुरक्षित जागीं थांबून त्याच्याकडे पाहत राहावें. उताराखालीं घोळका करूं नये. प्रत्येकाजवळ आपला ठाव कळविणारें व दुसऱ्याचा शोधणारें लहान यंत्र, एक लांब सळई व फावडें असतें. बर्फाखालीं गाडला गेलेल्या माणसाची आशा पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्यानें मावळते. तेवढ्यांत बाहेरची मदत येऊं शकत नाहीं, सोबतीच काय तो वांचवूं शकतो.

मावळांत बर्फ नाहीं, पण हे धडे बहुतेक जसेच्या तसे लागूं पडतात. इर्शाळवाडीला मोटारीची वाट नव्हती. मदतीस निघालेल्या लोकांना काळोखांत, पावसांत डोंगर चढावा लागला, आणि अवजड यंत्रें वर नेतां न आल्यामुळें हातानें खणावें लागलें. भेद एवढाच कीं, चिखल बर्फाहून फार जड असतो व त्यांत श्वासापुरतीही हवा क्वचितच राहते. म्हणून येथें गाडल्यानंतर काढण्याच्या विद्येपेक्षां वेळेवर निघण्याची विद्या अधिक मोलाची.

आणि हीच विद्या सर्वांत कठीण आहे. मध्यरात्र, दिवे गेलेले, बाहेर धो धो पाऊस, गोठ्यांत गुरें, घरांत अंथरुणावर म्हातारी आई. अशा वेळीं निघावें कीं राहावें, हें त्या क्षणीं ठरवूं गेल्यास मन राहण्याकडेच कौल देतें. "गेल्या खेपेस कांहींच झालें नाहीं" या वाक्यासारखें घातक वाक्य नाहीं. तेव्हां हा निर्णय उन्हाळ्यांतच, जाणत्यांच्या व तहसील कचेरीच्या सल्ल्यानें करून ठेवावा. किती पावसास निघावयाचें, इशारा कोणीं द्यावयाचा, कोणत्या घंटेनें द्यावयाचा, आणि ओहोळापासून दूर अशा कोणत्या इमारतींत रात्र काढावयाची, हें सर्वांस ठाऊक असावें. पाऊस मोजण्यास सरळ बाजूंचा डबा व पट्टी पुरते. गुरांचीं दावीं सोडून द्यावीं. वाट उताराच्या दिशेनें खालीं धरूं नये. दरडीच्या मार्गांतून बाजूस सरकावें. घरवार नांवांची यादी शाळेंत असावी व पोंचतांच हजेरी घ्यावी. याची तालीम जूनपूर्वीं एकदां दिवसा व एकदां रात्रीं व्हावी. पाढे जसे घोकल्यानें अडचणीच्या वेळीं आठवतात, तशीच वाटही चालल्यानेंच आठवते. दहा रात्री उगाच जागून काढाव्या लागल्या, तरी तो तोटा नव्हे. आणि आपलें गांव धोक्याच्या यादींत नाहीं, म्हणून कोणीं निर्धास्त राहूं नये. इर्शाळवाडीही यादींत नव्हती.

शहरांतून सहलीस येणारांनींही आपला धडा गिरवावा. हवामान खात्याचा लाल इशारा असतां घाटांत येऊं नये. तोडलेल्या कड्याखालीं गाडी उभी करून चहा घेऊं नये. दगड पडत असलेली जागा एकेकानें, अंतर ठेवून, वर नजर ठेवून ओलांडावी. कोठें जातों व केव्हां परततों हें घरीं सांगून निघावें.

दुर्दैवानें दरड आलीच, तर ११२ या क्रमांकावर कळवावें. तळेगांवजवळ सुदुंबरें येथें राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, आणि लोणावळ्यांत शिवदुर्ग मित्र ही स्वयंसेवकांची संस्था डोंगरांत अडकलेल्यांस सोडविण्याचें काम करते. त्या येईपर्यंत एकानें वरच्या उतारावर पहारा ठेवून शिट्टी हातांत धरावी, कारण एका दरडीमागून दुसरी येणें नवल नाहीं. मधून मधून सर्वांनीं गप्प राहून हांक ऐकावी. कोणत्या घरांत कोण निजलें होतें, हें सांगणारी ती शाळेंतली यादी या वेळीं फावड्याइतकीच उपयोगी पडते.

पाऊस थांबविणें मनुष्याच्या हातीं नाहीं. डोंगराचा पायथा न तोडणें आणि ठरलेल्या वेळीं उठून निघणें मात्र त्याच्या हातीं आहे. येत्या ज्येष्ठांत नांगर-कुळव दुरुस्त करतांना डोंगराखालच्या प्रत्येक घरानें रात्रीच्या वाटेवरूनही एकदां पाय फिरवून यावें.