बर्फात अडकलेली मोटार

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचा नातू समुद्रकाठच्या बोस्टनला असतो. ‘‘डॉक्टर, तिकडे बर्फाचं वादळ आलंय. पोरगा गारठेल का हो?’’ त्यांनी विचारले. मी म्हटले, ‘‘आजी, थंडीइतकाच मोटारीचा धूर घातक.’’

फेब्रुवारी १९७८ च्या हिमवादळात तेथे हजारो मोटारी रस्त्यातच अडकल्या. धुराची नळी बर्फाने बुजली आणि चालू इंजिनातील कार्बन मोनॉक्साईड आत शिरून काही जण दगावले. या वायूला ना रंग, ना वास. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणे. म्हणून आधी नळी मोकळी करावी, तासातून १० मिनिटेच इंजिन चालवावे, काच किंचित उघडी ठेवावी.

आजींनी लगेच नातवाला फोन लावला. वाचकहो, बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपणाऱ्यांनाही हाच धोका आहे!