चहा-बिस्किट म्हणजे न्याहारी नव्हे

वरठीची सकाळ लवकर सुरू होते. भंडारा रोड रेल्वेस्थानक इथलंच, सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही इथलाच. घरात कुणाला गाडी गाठायची असते, कुणाला शिफ्ट. मग पोरांची न्याहारी चहा-बिस्किटावर भागते. त्यानं भूक तेवढी मरते. शिवाय चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी कमी लागतं.

8 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयानुसार राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. कारण दिलं होतं अपुऱ्या झोपेचं. न्याहारीला वेळ मिळाला तो वरकड फायदा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दुपारच्या जेवणाखेरीज शाळेतच सकाळच्या न्याहारीचीही शिफारस आहे. तामिळनाडूनं 15 सप्टेंबर 2022 ला शाळेतली न्याहारी सुरूही केली.

घरी काय करावं? उठल्या उठल्या ताट पुढे करू नका, तेव्हा भूकच नसते. आंघोळ, दप्तर आटोपू द्या. रात्रीचं जेवण लवकर झालं, तर सकाळी पोट आपणहून मागतं. आलूपोह्यांत मूठभर शेंगदाणे, वरून लिंबू आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं लोह शोषलं जातं. भंडारा धानाचा जिल्हा, त्यामुळे रात्रीचा भात उरतोच. तो झाकून फ्रीजमध्ये ठेवला असेल, तर सकाळी कांदा-मिरचीची फोडणी देऊन चांगला वाफवा. सोबत उकडलेलं अंडं किंवा दही. बसून खायला वेळच नसेल, तर पोळीला गूळ-तूप लावून गुंडाळी हातात द्या, ऑटोत संपते.