राउटर घरात, चावी ऑपरेटरकडे

धुळ्यात देवपूरला काय नि साक्री रोडला काय, इंटरनेट बंद पडलं की ऑपरेटरला जाणारा फोन ठरलेला असतो : "भो, नेट बंद पडी गयं, माणूस धाड." माणूस घरी आल्याशिवाय काहीच होत नाही, हा सगळ्यात पक्का गैरसमज.

फायबरच्या जोडणीत माणूस निघण्याआधीच बरंच काही कळलेलं असतं. घरातली पेटी, म्हणजे ओएनटी, वीज जाताच शेवटचा निरोप ऑपरेटरकडच्या मुख्य यंत्राला, म्हणजे ओएलटीला, पाठवते आणि मग विझते. या निरोपाला तंत्रज्ञ 'डाइंग गॅस्प' म्हणतात. तो आला असेल तर भानगड विजेची. निरोप न येताच एका स्प्लिटरवरची, म्हणजे एकाच फायबरमधून वाटून दिलेली, सगळी घरं एकदम गेली, तर कुठेतरी जेसीबीने केबल तोडली असण्याची शक्यता जास्त. घरापर्यंत उजेड किती पोचतो, तोही आकडा दिसतो. नेहमीच्या जीपॉन जोडणीत उणे 27 डीबीएम ही ओएनटीची हद्द. उणे 20 वरून आकडा उणे 26 वर घसरला, तर तक्रारीची वाट न बघता जॉइंट तपासायला हवा. तपासतात का, हे ज्याने त्याने आपापल्या ऑपरेटरवरून ठरवावं.

राउटरची सेटिंग दुरून बदलण्याची सर्वात रुळलेली पद्धत म्हणजे टीआर-069. ती 2004 मध्ये आली. तिची पुढची पिढी, टीआर-369, 2018 मध्ये. टीआर-069 मध्ये राउटर स्वतःच ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो, आपला सिरियल नंबर आणि फर्मवेअरची आवृत्ती सांगतो आणि काही हुकूम आहे का, विचारतो. वायफायचा पासवर्ड, चॅनल, फर्मवेअर, रिस्टार्ट ही कामं अशीच होतात. लाल दिवा लागला असेल, म्हणजे उजेडच पोचत नसेल, तर मात्र सर्व्हरचा हुकूम घरापर्यंत जाणार कसा? तिथे शिडी घेऊन माणूसच लागतो. लोखंडी कपाटामागे ठेवलेला राउटरही दुरून हलवता येत नाही.

"मग आम्ही काय बघतो, तेही त्यांना दिसत असेल!" ही भीती अर्धी खरी. या व्यवस्थेतून तुमचे व्हिडिओ, चॅट किंवा बँकेचा पासवर्ड दिसत नाही. घरात कोणती उपकरणं जोडली आहेत, ते मात्र दिसू शकतं. मोबाईलला स्वतःचं नाव दिलं असेल, तर बहुतेक वेळा तेही. कोणत्या साइटवर गेलात, याचा माग कंपनीला स्वतःच्या नेटवर्कमधून लागू शकतो. त्यासाठी तिला राउटरमध्ये शिरावं लागत नाही. म्हणून बाजारातून स्वतःचा राउटर आणला की सुटलो, असं समजू नये.

नेट अडलं की मागच्या भोकात टाचणी खुपसणारेही पुष्कळ. ते रिस्टार्ट नव्हे, फॅक्टरी रिसेट. लॉगिन, ऑपरेटरने घातलेलं व्हीलॅनचं सेटिंग, सगळं पुसलं जातं. ऑपरेटरची केंद्रीय व्यवस्था धड असेल तर सेटिंग आपोआप परत येते. नसेल तर चालू होऊ शकणारी जोडणी माणूस येईपर्यंत बंद. टाचणी ठेवून द्या, स्विच बंद-चालू करा.

आणि कंपनी सांभाळते म्हणजे राउटर सुरक्षित, असंही नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे 9 लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. टीआर-069 साठीचं 7547 क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं होतं आणि त्यावर हल्ला झाला. राउटर ताब्यात गेले नाहीत, पण बंद पडले. जुलै 2017 मध्ये आपल्याकडे बीएसएनएलचे हजारो मोडेम हल्ल्यात अडकले. कारण साधं : कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. तो बदला, असं बीएसएनएलला ग्राहकांना सांगावं लागलं.

एका चावीने हजारो घरांची दुरुस्ती होते, तशी चुकीच्या एका हुकमाने हजारो घरं बंदही पडतात. माझ्या मते तरीही ही व्यवस्था हवीच, फक्त चावी नीट सांभाळली पाहिजे. पुढच्या रिचार्जला ऑपरेटरला एवढं विचारा : ॲडमिन पासवर्ड बदलला आहे का, व्यवस्थापनाचं पोर्ट बाहेरून बंद आहे का आणि फर्मवेअर शेवटचं कधी टाकलं?