बोल्टवरची केशरी रेघ

विमानाच्या सायलेन्सर पाइपवर शिसपेन्सिलीनं खूण करायची सक्त मनाई! पाइप लालबुंद तापला की त्या रेघेतला कार्बन धातूत मुरतो, धातू ठिसूळ होतो आणि नेमका तिथंच तडा जातो.

घरी विमान बांधणाऱ्याला अशा बारीकसारीक गोष्टी पाठ असाव्याच लागतात. आपल्याकडचं ठळक नाव कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी चक्क सहा आसनी विमान बांधलं! २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते सुटं करून क्रेननं खाली उतरवलं. २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, २०२० मध्ये धुळ्यात उड्डाण चाचणी झाली.

आता इंजिनाकडे. हौशी विमानांत लाडकं असलेलं लायकमिंगचं ओ-३६० घ्या. सिलिंडर चारच, पण आकारमान सुमारे ५.९ लिटर, ताकद १८० अश्वशक्ती. पंखा थेट क्रँकशाफ्टवर बसतो, म्हणून फेरे मिनिटाला २,७०० पुरे. त्याहून फार पळवलं तर पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाशी भिडतात. गोंगाट वाढतो, जोर घटतो.

या इंजिनावरचे रंग बोलतात. सिलिंडरवर निळा पट्टा दिसला तर आतला पृष्ठभाग नायट्राइडिंगनं कडक केलेला, केशरी असेल तर क्रोमचा मुलामा. स्पार्क प्लगजवळ पिवळा म्हणजे लांब आट्यांचा प्लग. इंजिन पेलणाऱ्या नळ्यांच्या सांगाड्याला फिकट रंग बरा, केसाएवढी चीरही लपत नाही. सिलिंडरच्या पातळ पंखांवर मात्र हात आखडता: जाड थर बसला की उष्णता आतच कोंडते. आणि दोन भाग जिथं एकमेकांवर बसतात तिथं रंगाचा थेंबही नको. तो थर पुढं दबतो, झिजतो आणि घट्ट आवळलेला बोल्ट सैल पडतो.

माझी सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे टॉर्क लावून झाल्यावर नटावरून शेजारच्या धातूवर ओढलेली लाखेची केशरी रेघ. नट जरासा फिरला तरी ती तुटते. उड्डाणाआधी टॉर्च मारायची, रेघ अखंड दिसली की पुढच्या नटाकडे!

शिवाय प्रत्येक सिलिंडरला प्लग दोन आणि अख्ख्या इंजिनाला ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, म्हणून ती हवेतच बसली तरी इंजिन चालू राहतं.