गिधाडे, गावशिवारातील

गिधाडे, गावशिवारातील : मेलेल्या गुरांच्या मांसावर उपजीविका करणारे आणि त्यामुळे भारतीय उपखंडातील खेड्यांच्या आसऱ्याने राहणारे मोठे पक्षी. आशिया, आफ्रिका व यूरोप येथील गिधाडांचा समावेश ॲक्सिपिट्रिडी कुलात होतो. घार व गरुड हे त्यांचे जवळचे नातेवाईक होत. अमेरिकेतील गिधाडे कॅथार्टिडी या वेगळ्या कुलातील असून दोहोंतील साम्य हे सारख्या जीवनक्रमामुळे आलेले आहे. भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी हिमालयी गिधाड, दाढीवाले गिधाड इत्यादींचा वावर मुख्यतः उत्तरेकडील डोंगराळ भागात असतो. मनुष्यवस्तीशी निकटचा संबंध आलेल्या जातींचाच येथे विचार केला आहे.

पांढऱ्या पाठीचे गिधाड (जिप्स बेंगालेन्सिस) ही या सर्वांत एके काळी अत्यंत विपुल असलेली जाती होय. १९८० नंतरच्या दशकात हा बहुधा जगातील सर्वांत अधिक संख्येने असलेला मोठा शिकारी पक्षी असावा, असे पक्षिशास्त्रज्ञ मानीत. विमानांवर आदळून अपघात घडविणारा पक्षी म्हणून त्या काळी त्याची चिंता वाहिली जाई, हे आज सांगूनही खरे वाटू नये. याची लांबी सु. ८० सेंमी., वजन ३·५–७·५ किग्रॅ. आणि पसरलेल्या पंखांची रुंदी दोन मी.हून अधिक असते. रंग काळपट असून पाठीचा खालचा भाग व पंखांच्या आतील बाजूचा पट्टा पांढरा असतो. उडताना तो स्पष्ट दिसतो. डोके व मान जवळजवळ उघडी असून मानेच्या तळाशी पांढऱ्या मऊ पिसांचे कडे असते. लांब चोचीचे गिधाड (जिप्स इंडिकस) फिकट तपकिरी असते व सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करते. नासिकजवळील अंजनेरीचे कडे याबद्दल प्रसिद्ध आहेत. राज गिधाड (सार्कोजिप्स कॅल्व्हस) काळे, लाल डोक्याचे व एकलकोंडे असते. ते थव्याने न राहता जोडीने राहते.

पांढरे गिधाड (निओफ्रॉन पर्क्नोप्टेरस) हे या सर्वांत लहान; ते घारीपेक्षा थोडेच मोठे असते. अंग मळकट पांढरे, चेहरा पिवळा व पिसांविना आणि चोच बारीक असते. या चोचीने जाड कातडे फाडता येत नाही. म्हणून मोठी गिधाडे उठून गेल्यावर राहिलेले तुकडे, कत्तलखान्याबाहेरची घाण, किडे व विष्ठा यांवर ते निर्वाह करते. उकिरड्यावर व गावाबाहेरच्या माळावर चालताना ते कोंबडीसारखे एकेक पाऊल टाकते. त्याच्या चेहऱ्याचा पिवळेपणा गुरांच्या शेणातील कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून येतो, असे आढळले आहे. ते जुन्या इमारती, किल्ले, कडे व मोठी झाडे यांवर घरटे करते. तमिळनाडूतील तिरुक्कळुकुन्रम् येथील टेकडीवरच्या देवळात दररोज पुजाऱ्यांच्या हातून नैवेद्य घेणारी पक्ष्यांची प्रसिद्ध जोडी याच जातीची होती.

भक्ष्य शोधणे व खाणे : जड शरीरामुळे गिधाडाला पंख हलवीत दूरवर उडणे परवडत नाही. ऊन तापून जमिनीवरची हवा वर चढू लागली म्हणजे ते झाडावरून निघते व त्या ऊर्ध्व प्रवाहात घिरट्या घालीत उंच जाते. म्हणूनच सकाळी लवकर गिधाडे उडताना क्वचितच दिसतात. जुन्या जगातील गिधाडे वासाने नव्हे, तर दृष्टीने भक्ष्य शोधतात. प्रत्येक पक्षी जमिनीवर जशी नजर ठेवतो तशीच शेजारच्या पक्ष्यावरही ठेवतो. एक खाली उतरू लागला की त्याचा शेजारी तिकडे वळतो, त्याला पाहून तिसरा वळतो, आणि थोड्याच वेळात दूरदूरचे पक्षी एका ठिकाणी जमतात. माळावर टाकलेले जनावर त्यांना कोणी न सांगता कसे कळते, या गावकऱ्यांच्या जुन्या कुतूहलाचे उत्तर हेच आहे.

मोठा थवा असल्यास बैलाचे शव तासाभराच्या आत हाडांपर्यंत साफ होते. पोट भरल्यावर अन्नपुट इतके फुगते की, पक्ष्याला चटकन उडता येत नाही. अशा एका जेवणावर तो साधारणपणे दोन ते चार दिवस काढतो. जठररस अतिशय तीव्र अम्लीय असल्यामुळे सडक्या मांसातील बहुतेक रोगकारक जंतू जठरातच नष्ट होतात. मानेवर पिसे नसण्याचा संबंध पूर्वी केवळ स्वच्छतेशी लावीत. उघड्या कातडीमुळे शरीरातील उष्णतेचे नियमनही होते, असे आता मानले जाते.

प्रजोत्पादन : पांढऱ्या पाठीचे गिधाड गावाजवळच्या वड, पिंपळ, आंबा यांसारख्या उंच झाडांवर, तसेच रस्त्याकडेच्या झाडांवर घरटी करते. एकाच झाडावर किंवा जवळजवळच्या झाडांवर अनेक घरटी असतात. कोकणात ती नारळाच्या झाडांवरही आढळली आहेत. विष्ठेमुळे झाडाची पाने जळतात व फळ धरत नाही. म्हणून बागाईतदारास हा पक्षी आपल्या बागेत नको असतो. ही तक्रार खोटी नाही आणि संरक्षणाचे काम करणाऱ्यांना ती विचारात घ्यावी लागते. विणीचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असून मादी वर्षाला एकच अंडे घालते. नर व मादी दोघेही सु. दीड महिना अंडे उबवितात, आणि पिल्लू उडू लागण्यास आणखी तीन–चार महिने लागतात. पिल्लू मोठे होऊन वीण करू लागेपर्यंत सु. पाच वर्षे जातात. वर्षाला एकाहून अधिक पिल्लू नाही व तेही उशिरा वयात येणारे, अशी ही रचना प्रौढ पक्षी दीर्घकाळ जगतील या हिशेबावर उभी आहे. पुढे जे घडले ते समजण्यास ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. पांढरे गिधाड मात्र बहुधा दोन अंडी घालते.

गावगाड्यातील स्थान : भारतात गुरांची संख्या फार मोठी आहे. त्यांतील कित्येक जनावरे कत्तलीसाठी न जाता म्हातारपणाने किंवा रोगाने मरतात. जुन्या गावगाड्यात मेलेले जनावर ओढून गावाबाहेर नेण्याचे काम महार समाजावर लादलेले होते. त्या मोबदल्यात कातडे व थोडी इनाम जमीन मिळे. हाडकी, हाडोळा ही अशा जमिनींची नावे याच कामाची आठवण देतात. जनावर सोलल्यावर उरलेले मांस गिधाडांचे, आणि त्यांनी स्वच्छ केलेली हाडे खताच्या कारखान्यांसाठी ती गोळा करणाऱ्यांची, अशी ही साखळी होती. १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चळवळीने मृत गुरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडून देण्याचा आग्रह धरला. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. या गावव्यवस्थेचे वर्णन करताना गिधाडांच्या उपयुक्ततेचे कौतुक करून तिच्यातील सक्तीकडे डोळेझाक करणे उचित नाही.

पारशी समाजात प्रेत दोख्म्यात ठेवून ते गिधाडांच्या स्वाधीन करण्याची प्रथा आहे. मुंबईतील मलबार टेकडीवरचे दोख्मे गिधाडांविना राहिल्यावर तेथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

लोकांच्या मनात या पक्ष्याविषयी दोन परस्परविरोधी भावना आहेत. सीतेच्या रक्षणासाठी प्राण देणारा जटायू व त्याचा भाऊ संपाती हे गृध्र होत. इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायू पडला अशी श्रद्धा असून ते तीर्थक्षेत्र मानले जाते. दुसरीकडे गिधाड घरावर बसणे अशुभ समजतात, आणि लुबाडणाऱ्या माणसाला गिधाडाची उपमा देतात. वस्तुतः जिवंत जनावराला हा पक्षी सहसा इजा करीत नाही. त्यास तसे सामर्थ्यच नाही. त्याचे पाय पकडण्यासाठी नव्हे, तर चालण्यासाठी घडलेले असतात.

ऱ्हास : १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे मोठ्या संख्येने मरत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांच्या लक्षात आले. माना खाली टाकून सुस्त बसलेले पक्षी फांद्यांवरून खाली पडत. प्रारंभी विषाणुजन्य रोगाचा संशय होता. लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनी पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून खरे कारण उजेडात आले. ते जानेवारी २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत पक्ष्यांच्या अंतर्गत इंद्रियांवर यूरिक अम्लाचे पांढरे थर साचलेले होते आणि अशा पक्ष्यांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक हे औषध सापडले. हे वेदना व दाह कमी करणारे स्वस्त औषध जनावरांसाठी सर्रास वापरले जात होते. औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत मेलेल्या जनावराच्या मांसात ते शिल्लक राहते. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होऊन ते काही दिवसांतच मरते. अमेरिकेतील टर्की गिधाडावर याच औषधाचा तसा परिणाम होत नाही, यावरून दोन कुलांतील अंतर दिसून येते.

औषध दिलेली जनावरे तर थोडीच असणार, मग सर्व पक्षी कसे मेले, असा प्रश्न साहजिकच पडतो. पक्षी तीन दिवसांनी एकदा जेवतो असे धरल्यास त्याची वर्षाला सु. १२० जेवणे होतात. दर २०० शवांमागे एकच विषारी असले, तरी वर्षभरात त्या एका शवाशी गाठ पडण्याची शक्यता सु. ४५% येते. शिवाय एकाच शवावर संपूर्ण थवा बसतो. हा हिशेब स्थूल असला, तरी प्रत्यक्ष निरीक्षणाशी तो जुळतो : २००० ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे दरवर्षी सरासरी सु. ४४% नी घटली. वर्षाला एक अंडे घालणारा पक्षी ही तूट भरून काढू शकत नाही. १९९२ ते २००७ या अवधीत भारतातील या जातीची ९९·९% घट झाली. लांब चोचीच्या व सडपातळ चोचीच्या गिधाडांची मिळून सु. ९७% घट झाली. राज गिधाड व पांढरे गिधाड यांनाही मोठा फटका बसला.

परिणाम : गावाबाहेर टाकलेली शवे कुजत पडू लागली, आणि भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले. बिकानेरजवळील जोडबीड येथे गुरांच्या शवांवर वाढलेल्या कुत्र्यांचे कळप हे याचे ठळक उदाहरण होय. कुत्रा जनावराचे शव गिधाडाइतक्या लवकर संपवीत नाही. शिवाय तो अलर्क (पिसाळ) रोगाचा प्रसार करतो. एयाल फ्रँक व अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पूर्वी गिधाडे असलेल्या जिल्ह्यांतील मृत्युमान चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे दाखविले आहे. २००० ते २००५ या काळातील जादा मृत्यूंचा त्यांचा अंदाज सु. पाच लक्ष आहे. हा आकडा सांख्यिकीय अनुमानाने काढलेला आहे, प्रत्यक्ष मोजलेला नाही. तथापि तो निम्मा धरला, तरी गावकुसाबाहेरच्या या पक्ष्याची किंमत ध्यानात येते.

संरक्षण : भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. त्यानंतरही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनच्या कुपीचा आकार एका मात्रेपुरता, म्हणजे ३ मिलि., मर्यादित करण्यात आला. किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक (हे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्ये रूपांतरित होते) यांवर २०२३ मध्ये, तर निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी आली. मेलोक्सिकॅम व टॉल्फेनॅमिक अम्ल ही औषधे गिधाडांना निर्धोक ठरली आहेत आणि गुरांच्या दुखण्यावर ती पुरेशी गुणकारी आहेत. अन्य वेदनाशामक दिलेले जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल पुरणे इष्ट असते. औषधांखेरीज कुत्री किंवा बिबटे मारण्यासाठी विष घातलेली शवे, विजेच्या तारा आणि जुन्या उंच झाडांची तोड यांमुळेही गिधाडे कमी होतात.

हरयाणातील पिंजोर येथे राज्याचा वन विभाग व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी २००१ पासून गिधाडांच्या संगोपनाचे काम सुरू केले. पुढे पश्चिम बंगाल, आसाम व मध्य प्रदेशातही प्रजनन केंद्रे निघाली. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यातल्या चिरगाव येथे गावकऱ्यांच्या साहाय्याने घरट्यांची झाडे राखली गेली आहेत. अशा ठिकाणी, तसेच फणसाड अभयारण्यात, औषधाचा अंश नसलेली गुरांची शवे ठरावीक जागी टाकतात. या जागांना लोक ‘गिधाडांचे उपाहारगृह’ म्हणतात. पिंजोर येथे वाढविलेली काही गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा व पेंच या व्याघ्र प्रकल्पांत आणण्यात आली. प्रथम त्यांना मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून परिसराची सवय करविली जाते आणि नंतर अंगावर संदेशप्रेषक बसवून मोकळ्या रानात सोडले जाते.